आत्तीचा वाजता वर्ग

शहापुरातल्या आमच्या घरात खाली माग आणि वर माणसं अशी वाटणी होती. खालच्या सोप्यात जमिनीत खड्डे खणून ओळीनं माग बसवलेले, विणकर त्या खड्ड्यांत पाय सोडून बसायचे, आणि वरच्या माडीवर आमचं निजणं, अभ्यास, आजारपणं, पाहुणे, सगळं. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. खाली माग सुरू झाले की वर फळ्या थरथरायच्या, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची आणि फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. बाहेरचं माणूस आलं की कानांवर हात ठेवून विचारायचं, "कसं गं ऱ्हाताय हितं?" आम्हाला तो प्रश्नच कळायचा नाही. उलट निपाणीला आजोळी गेले की तिथल्या शांततेनं माझी झोप उडायची.

मागाच्या घरातली माणसं तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलतात. पोटावरून हात फिरवला म्हणजे जेवायला या. दोन बोटं कातरीसारखी हलवली म्हणजे धागा तुटला. कपाळाला अंगठा लावला म्हणजे आप्पा येताहेत, गप्पा बंद करा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, घराचे कर्ते. त्यांचा माग दाराशी, आणि अख्ख्या गल्लीवर त्यांचा डोळा. माझे वडील अण्णा त्यांच्या शेजारच्या मागावर. ते स्वभावानं इतके मवाळ की मागातला धोटासुद्धा ते मनाविरुद्धच फेकतात असं वाटायचं. आई निपाणीची, तंबाखूच्या वखारीत कारकुनी करणाऱ्या माणसाची लेक. लग्न होऊन आली तेव्हा या आवाजानं तिला म्हणे उलट्या व्हायच्या. पण हातांची ही भाषा तिच्याइतकी कुणालाच आली नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या, भाकरी थापायचा हात न थांबवता, नुसत्या भुवईनं ती मला सांगायची की चटणी कुटून झाली का, आणि झाली नसेल तर माझं काय होणार आहे.

माझा भाऊ गोविंद माझ्यानंतर खूप वर्षांनी झाला. घरातला एकुलता मुलगा, त्यामुळे त्याच्या वाटची साय कुणी मोजत नसे. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, पण त्याची फिकीर कुणाला नव्हती. बाकी सगळं त्याला कळायचं. पोटावरून हात फिरवला की ताट घेऊन यायचा, बोटांची कातरी केली की खाली जाऊन आप्पांना सुताची कांडी नेऊन द्यायचा. खदखदून हसायचा. आणि खाली माग थांबले की खेळता खेळता एकदम मान वर करायचा. जेवायच्या वेळेला हे रोज व्हायचं आणि आप्पा रोज म्हणायचे, "बघा, कान कसा तिखट हाय पोराचा. आमचा बाबाबी असाच उशिरा बोलला, आन् बोलाय लागला तसा मरंस्तोवर थांबला न्हाय." आई मान खाली घालून वाढत राहायची.

अशा घरात आत्ती परत आली. आत्ती म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्न कळायच्या आधीच तिचं लग्न झालं होतं आणि कळायच्या आत नवरा गेला होता. तिला पुण्याला शिकायला आप्पांनीच धाडलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. गल्लीनं नावं ठेवली तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत मागावर बसून राहिले. आत्ती शिकली ती लहान मुलांना शिकवायची विद्या, शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना. ही विद्या असते हेच शहापुराला ठाऊक नव्हतं. "शेंबडी पोरं सांभाळाय पुण्याला जावं लागतंय व्हय?" असं शेजारच्या काकू माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. पुण्यात राहून आत्तीची बोली अर्धी 'आहे'ची आणि अर्धी 'हाय'ची झाली होती. येताना तिनं एक पत्र्याची ट्रंक आणली. टांग्यातून उतरवताना ती ट्रंक वाजली, म्हणून गल्लीतली सगळी पोरं मागोमाग आमच्या दारात आली आणि वर्ग त्याच दिवशी सुरू झाला म्हटलं तरी चालेल.

ट्रंकेत वाजती खेळणी होती. गोकाकचे लाखेच्या रंगातले लाकडी खुळखुळे, पिपाण्या, बोटभर टाळ, टिकटिक्या, फुंकली की घुबडासारखी घुमणारी मातीची शिट्टी, घुंगरं बांधलेली काठी, आणि कातडं चढवलेला एक बुटका ढोल. त्यात आत्तीनं घरातलं सामान घातलं. रिकाम्या, पोकळ कांड्यांत चिंचोके भरून दोन्ही तोंडं मेणानं बंद केली. एकीत थोडे, एकीत जास्त, एकीत गुंजा. अशा कांड्यांची तिनं रांगच केली. मुलांनी त्या हलवून ऐकायच्या आणि हलक्या आवाजापासून भारी आवाजापर्यंत लावायच्या. मोजणी ढोलावर. ती जितके ठोके देईल तितके चिंचोके पुढे ठेवायचे. वर्गातली अर्धी पोरं घरात कानडी बोलणारी होती. ती ओंदु, एरडु म्हणायची, बाकीची एक, दोन, पण ढोल दोघांचा एकच. डोळे झाकून 'काय वाजलं' हा खेळ पोरांना सर्वांत आवडायचा. परवा माझ्या पणतवासाठी एक खेळणं आणलंय. बटण दाबलं की ते स्वतःच गातं, स्वतःच मोजतं आणि शेवटी स्वतःलाच शाबास म्हणतं. पोरगं बिचारं नुसतं बघत बसतं. असो, म्हाताऱ्या माणसानं खेळण्यांशी भांडू नये.

वर्ग आमच्याच माडीवर, पण गोविंद त्यात नसायचा. आईला त्याच वेळी नेमकं त्याला न्हाऊ घालायचं असायचं, नाहीतर परसात वाळवणापाशी बसवायचं असायचं. आत्ती विचारायची, "वैनी, ह्याला धाडत का न्हाई?" आई म्हणायची, "ल्हान हाय अजून." त्याच्याहून लहान पोरं वर ढोल बडवत होती. मला वाटायचं, आईचा आत्तीवर राग असावा. वर्ग सुरू झाल्यापासून घरात पोरांचे पाय फार झाले होते, आणि फळ्या पुसायचं काम आईचं होतं.

एके दिवशी आई विहिरीवर धुणं घेऊन गेली आणि गोविंद आपणहून जिना चढून आला. 'काय वाजलं' चालू होतं. तो पोरांत शिरून बसला आणि त्यांचं बघून त्यानंही डोळ्यांवर हात ठेवले. आत्तीनं ढोल वाजवला. गोविंदानं सगळ्यांच्या आधी हात काढून ढोलाकडे बोट दाखवलं. आत्ती इतकी खूश झाली की मधेच हसली. मग तिनं पिपाणी फुंकली. पोरं ओरडली, "पिपानी, पिपानी." गोविंद डोळ्यांवर हात ठेवून तसाच बसला होता. तिनं टाळ वाजवले. तो तसाच. ती त्याच्या अगदी पाठीशी जाऊन बसली आणि कानाजवळ ते पुन्हा वाजवले. तो बोटांच्या फटीतून समोरच्या पोरांकडे बघत होता आणि खेळ कधी सुरू होतो याची वाट पाहत होता. आत्तीच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना मी पाहिलं. तिनं ढोल फळ्यांवरून उचलला, मांडीवर घेतला आणि पुन्हा वाजवला. या वेळी गोविंद हलला नाही.

एवढ्यात जिन्यात आई येऊन उभी राहिली. ओल्या धुण्याची बादली तिच्या हातातच होती. तिनं पोराला बखोटीला धरून उचललं आणि ती चालू लागली. आत्ती तिच्यामागून जिन्यापर्यंत गेली. "वैनी, ऐका तरी. वाईट वाटून घेऊ नका, पण ह्याला..." आईनं वळून बघितलं. "त्याला काय बी झाल्यालं न्हाय वन्सं. तुमच्या पेटीत घालू नका माझ्या पोराला." तिचा आवाज एवढा बारीक होता की मी शब्द ओठांवरूनच ओळखले.

त्या संध्याकाळी आत्तीनं हे अण्णांना सांगितलं. अण्णा नुसते दाढी खाजवत राहिले, तेव्हा ती आप्पांकडे गेली. मागावरून उठून ते ओट्यावर आंबील पीत बसले होते. आत्ती त्यांच्या पायाशी बसली आणि एका दमात बोलली. पोराला ऐकू येत नाही, माग थांबल्याचं त्याला फळ्यांमधून कळतं. पुण्यात अशी मुलं मी शिकताना बघितलीत, ओठ बघून, गळ्याला हात लावून ती बोलायला शिकतात, पण सुरुवात याच वयात व्हायला हवी, पुढं जीभ वळत नाही. आप्पांनी वाटी खाली ठेवली. ते संतापतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"घरात एक पोरगं," ते म्हणाले, "आन् तू त्याच्यावर बोट ठेवलंस. अमुशाला माग बंद असत्यात. घर गप असतंय. त्या दिवशी माझ्यासमोर तुझी खेळणी वाजीव. पोराला ऐकू आलं न्हाय तर तू म्हणशील तसं करू, वर्गात बी बसव. आलं, तर ही पेटी उचलायची आन् पुण्याला परत जायाचं. घरात ऱ्हाऊन घराला बट्टा लावलेला मला चालायचा न्हाय."

"चालंल," आत्ती म्हणाली. तिला दुसरं काही म्हणता आलं असतं असं नाही.

अमावस्या येईपर्यंत घरातलं जेवण बेचव झालं. मीठ जास्त पडायचं नाहीतर पडायचंच नाही. आप्पा काही न बोलता खायचे, हे आणखीच वाईट. आत्ती वर्ग घेत होती, पण गाणी म्हणताना तिचा सूर मधेच सुटायचा. खरं म्हणजे मला तिनं जावं असं मुळीच वाटत नव्हतं. तिच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं होतं की शिकताना मार खावाच लागतो असं नाही. पण ती राहायची तर माझा भाऊ बहिरा ठरायला हवा होता. देवापुढे हात जोडले की काय मागावं हेच मला सुचत नसे, म्हणून मी नुसतीच उभी राहून परत यायचे.

गल्लीच्या टोकाला एक माणूस राहायचा. रंगाऱ्याच्या हौदाला पाणी वाहायचा. जांबोटीकडून कुठून तरी आलेला होता. त्याला सगळे मुक्या म्हणत. पोरं त्याच्या मागून खडे मारायची, तो वळतो का बघायला. त्याचं खरं नाव काय, हे रंगाऱ्यालाही सांगता आलं नसतं. शहापुरात एकदा नाव पडलं की पडलं, मग ते माणसाच्या आधी गल्लीत शिरायचं. त्या दिवसांत आई पाण्याला जाताना त्याच्या घरावरून जायचं टाळून लांबच्या बोळातून जायची. आणि एका दुपारी मी शाळेतून आले तर माडीवर आई आणि गोविंद दोघंच होती. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता. आई एक गुडघा उभा करून बसली होती, त्या पायाची टाच तिनं फळीवर हलकेच आपटली. तो वळला. तिनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला, त्याचे खांदे धरून पुन्हा पाठमोरा बसवला. काहीतरी खेळ असेल म्हणून मी दप्तर टाकून भाकरी शोधायला गेले.

अमावस्येला माग बंद. गल्लीतलेही बंद. असा दिवस असला की आमच्या घरातली माणसं जरा बावरल्यासारखी वागायची, भांडं ठेवलं तरी दचकायची. गव्हाची गोड हुग्गी केली होती. आप्पांनी दोनदा मागून घेतली, हात धुतला आणि मला म्हणाले, "आत्तीला बोलीव." माडीवर ते पाटावर बसले. अण्णा खिडकीपाशी बाहेर बघत उभे. मी जिन्याच्या तोंडाशी. मधोमध गोविंद, त्याच्यासमोर कांड्यांची रांग, आणि त्याच्याजवळ आई. "माझ्याबिगर बसत न्हाय त्यो," ती म्हणाली, आणि एक गुडघा उभा करून, पायांवर पदर ओढून बसली. तो पाय बघितला तेव्हा मला सगळं समजलं. त्या दुपारचा गुळाचा खेळ यासाठीच होता.

आत्ती गोविंदाच्या पाठीमागे गेली. तिनं खुळखुळा हलवला. गोविंद वळला. आप्पांनी मांडीवर थाप मारली. तिनं टाळ वाजवले. गोविंद वळला आणि हसला, गुळाची वाट बघत आईकडे पाहू लागला. घरात इतकी शांतता होती की टाळांचा आवाज विरतानाही ऐकू येत होता. आयुष्यभर मागावर बसून आप्पांचे स्वतःचेच कान मंद झालेले होते, पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. आत्तीचा चेहरा उतरत चालला होता. ती पुन्हा पुन्हा आपल्या हातातल्या वस्तूंकडे बघत होती, जणू त्याच खोटं बोलताहेत. मग तिनं पिपाणी उचलली. ओठांना लावली, गाल फुगवले. आईचं सगळं ध्यान त्या गालांकडे होतं. आणि आत्तीनं फुंकायच्या आधीच गोविंद वळला.

माडीवर कुठलाही आवाज झाला नव्हता. पिपाणी ओठांत, गाल फुगलेले, अशी आत्ती तशीच थांबली. तिनं पोराकडे पाहिलं, मग आईच्या पदराखालच्या पायाकडे, मग आईच्या तोंडाकडे. आई तिच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी असती तर मला बरं वाटलं असतं, पण तिथं फक्त भीती होती. आप्पा पाटावर पुढे झुकून ऐकायचा प्रयत्न करत होते. आत्तीनं एक लांब फुंकर मारली. पिपाणी माडीभर वाजली, आप्पांनी मान डोलावली.

आत्तीनं पिपाणी पुसून ट्रंकेत ठेवली. "ऐकू येतं आप्पा पोराला," ती म्हणाली. "माझं चुकलं."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं माझी मुलं हे ऐकून म्हणतात. त्यांना तिथं बसवून बघायला हवं होतं. आत्ती, जिचं सगळं जात होतं, तीच ज्या गोष्टीवर पदर घालत होती, ती उघडी करणारी मी कोण होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती ट्रंक भरत होती आणि मी चटया गुंडाळत होते. खाली माग सुरू झाले होते. आई वर आली. तिनं शिदोरी आणली होती, भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि कालची हुग्गी डब्यात. ती आत्तीपुढे ठेवून ती तिथंच उभी राहिली. "तुमी गप बसला, ते उपकार जलमभर इसरायची न्हाय," ती म्हणाली.

"उपकार न्हाईत वैनी. चार लोकांत तुमचा पदर ओढायला मी आलते का?" आत्तीनं कांड्या फडक्यात बांधल्या. "पण एक सांगते. ह्या फळ्या ह्या माडीपुरत्याच आहेत. पोरगं उद्या रस्त्यावर जाईल. तिथं काय करणार तुम्ही?"

"रस्त्यावर मी जाऊच देणार न्हाय."

"किती दिवस?"

आईनं शिदोरीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "त्या हौदावरच्या माणसाचं नाव ठावं हाय तुमाला? न्हाय ना? त्येच्या आईनं काय तरी ठेवलं असंल की. माझ्या पोराला नाव हाय. ते पुसलं जाऊ द्यायचं न्हाय मला." आणि ती रडली नाही. ट्रंकेचं झाकण आत्तीच्यानं बसत नव्हतं, ते आईनं गुडघा देऊन बसवलं.

आमची गल्ली अरुंद, टांगा आत येत नसे. तो मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. अण्णांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि खाली मान घालून पुढे झाले. त्यांच्यामागं आत्ती. मी शिदोरी घेऊन दारापर्यंत आले. आप्पा ओट्यावर उभे होते. बहीण निघताना त्यांनी मागावर बसून राहू नये एवढं त्यांना कळत होतं. ट्रंक प्रत्येक पावलाला आतून वाजत होती. आणि आमच्या मधून, कुणाच्या काही लक्षात यायच्या आत, गोविंद बाहेर पडला. त्याची नजर त्या ट्रंकेवर होती. आत्तीपासून थोडं अंतर ठेवून तो तिच्यामागून चालू लागला.

"गोविंदा," आप्पा म्हणाले, "मागं फिर." तो चालत राहिला. "गोविंदा, गाड्या हायत म्होरं. फिर मागं." आप्पांनी आवाज चढवला. शेजारच्या काकू दारात आल्या. विहिरीवरच्या बायका थांबून बघू लागल्या. मला वाटलं मीच पळावं, पण माझ्या शेजारून आई उंबऱ्यावर आली होती. तिनं पोराची पाठ बघितली, आणि पाय उचलून उंबऱ्याच्या दगडावर टाच आपटली.

गोविंद चालत होता. तिनं पुन्हा आपटली. जोडव्यांचा खण्ण आवाज झाला. पुन्हा आपटली, आणि पुन्हा, सगळ्या अंगाचा भार देऊन, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठीकडे बघत. दगड होता, पलीकडे मातीची गल्ली होती, आणि सगळ्या घरांतून माग धडधडत होते. त्या एवढ्याशा पाठीपर्यंत काहीही पोचत नव्हतं. आप्पा आधी पोराकडे बघत होते. मग ते आईच्या पायाकडे बघू लागले. खूप वेळ त्या पायाकडेच बघत राहिले, आणि त्यांचा हात हळूच ओट्याच्या खांबाकडे गेला.

आई पळाली. सासरी आल्यापासून तिला गल्लीनं पळताना पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पडला, तो तिनं सावरला नाही. गल्ली संपते तिथं तिनं त्याला मागून धरलं. तो दचकला आणि तिला बघून हसला. आत्ती आणि अण्णा वळले. मी पोचले तेव्हा आई त्याला कवटाळून धुळीतच बसली होती. आप्पाही आले, धापा टाकत, आणि त्यांच्यामागं दोन-चार बायका.

"लई दीस झालं मला ठावं हाय वन्सं," आई म्हणाली. ती आत्तीशी बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "ह्यो पाळण्यात असताना माझ्या हातनं परात पडली. हे जागं झालं न्हाय. तवाधरनं मी ह्याला नावानं हाक मारल्याली न्हाय. हाक मारली आन् फिरला न्हाय तर काय करू, म्हणून मारलीच न्हाय. माझंच पोरगं, आन् त्याचं नाव मी तोंडात घेतल्यालं न्हाय."

अण्णांनी ट्रंक खाली ठेवली. टांगेवाल्यानं आमच्याकडे बघून लगाम सैल सोडला. आप्पा घसा खाकरून त्याला म्हणाले, "तू जा. कुणी जात न्हाय पुण्याला," आणि ट्रंकेची एक कडी त्यांनी स्वतः धरली.

आत्ती आईसमोर धुळीत बसली. तिनं गोविंदाचा उजवा हात धरला, त्याची बोटं सरळ केली आणि तळवा आईच्या गळ्यावर, मंगळसूत्राच्या वर, दाबून ठेवला. "आता मारा, वैनी," ती म्हणाली.

आईनं नाही म्हणून मान हलवली. भोवती सगळी गल्ली होती.

"मारा. त्याला बघू द्या तुमच्या तोंडाकडं."

आईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हाक मारली, "गोविंदा." आवाज फुटलेला होता, पण मोठा होता. पोरानं हात मागं घेतला, तळवा उलटा करून बघितला, मग स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला. तिथं काही हाललं नाही. तेव्हा त्यानं हात पुन्हा आईच्या गळ्यावर ठेवला आणि ती परत कधी म्हणते याची वाट बघत बसला.